'कॅटेक्युमेन'ला 'नवख्रिस्ती' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: चौथ्या शतकातल्या चर्चविषयी वाचताना 'कॅटेक्युमेन', म्हणजे बाप्तिस्म्याआधी ख्रिस्ती शिकवण घेणारा, हा शब्द सारखा भेटतो, मराठीत त्याला 'नवख्रिस्ती' म्हटलेलं चालेल का?

माझ्या मते नाही. नवख्रिस्ती म्हणजे नुकताच बाप्तिस्मा झालेला. त्यासाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द होता, 'निओफायटोस', म्हणजे नुकतंच लावलेलं रोप. कॅटेक्युमेनचा बाप्तिस्मा अजून व्हायचाच असतो. उपासनेत तो वाचन-प्रवचनापर्यंत थांबे. पुढे भाकर-द्राक्षारसाचा विधी सुरू होण्याआधी त्याला बाहेर पाठवत. काहींची ही अवस्था जन्मभर चाले. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो 337 साली, मृत्युशय्येवर. 374 मध्ये मिलानचा बिशप म्हणून निवड झाली तेव्हा अँब्रोजही कॅटेक्युमेनच होता. त्याचा बाप्तिस्मा मग घाईघाईने उरकावा लागला!

शब्दाचं मूळ 'कातेखेओ' या ग्रीक क्रियापदात आहे: तोंडी शिकवणं, किंवा आपल्या भाषेत 'कानावर घालणं'. 'एको' म्हणजे प्रतिध्वनी, तो याच कुळातला. जेरुसलेमच्या सिरिलने 350च्या सुमारास उपवासकाळात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना जी व्याख्यानं दिली, त्यांच्या प्रास्ताविकात त्याने याच नात्याचा उपयोग केलाय. आजवर तुम्हाला कॅटेक्युमेन म्हणत, कारण शब्द तुमच्याभोवती बाहेरून घुमत होता. आता तो आत घुमेल, असा त्याचा आशय. पुढे श्रद्धेचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारं ठरावीक सूत्र, शिकवताना तो बजावतो की हे कागदावर उतरवू नका, मनावर कोरा. आणि घोकताना एखाद्या कॅटेक्युमेनच्या कानी पडणार नाही याची काळजी घ्या.

म्हणजे समोर बसलेले उमेदवार त्याच्या लेखी एक पायरी वर चढलेले होते. त्यांना तो 'फोटिझोमेनोई' म्हणतो, ज्यांना प्रकाश मिळतोय असे. मराठीत या दुसऱ्या गटाला 'दीक्षार्थी' चपखल बसतं. पहिल्यासाठी मी 'श्रवणार्थी' सुचवेन. जरा घडवलेला वाटेल, पण लॅटिनमध्येही त्यांना 'ऐकणारे' म्हणतच, आणि श्रवणानंतर मनन हा क्रम आपल्याला परका नाही.

गोव्यातल्या 'दोतोर्न'च्या, म्हणजे ख्रिस्ती मुलांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गाशी मात्र गल्लत नको. तिथे बसणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा बहुधा तान्हेपणीच झालेला असतो.