अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन, बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यासारख्या जुन्या नेत्यांना ऑटिझम होता का?

माझं उत्तर: ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. मी बडोद्यात राहते. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेफरसनबद्दल हा तर्क बराच जुना आहे, २००० साली त्यावर पुस्तकही निघालं. रोजच्या तापमानाच्या नोंदी, बारीकसारीक खर्चाचा हिशेब, चारचौघांत भाषण करायची नावड, हे सगळं खरं आहे. पण मुलाचं निदान करताना डॉक्टरांनी आम्हाला वेगळंच विचारलं होतं. बोलायला कधी लागला? हवी ती वस्तू बोट करून दाखवायचा का? हाक मारली की वळून बघायचा का? मिक्सर लावला की काय करायचा? ही उत्तरं आईकडे असतात, जुन्या कागदपत्रांत नाही. ऑटिझमचं वर्णन करणारा, ११ मुलांबद्दलचा लेख डॉक्टर लिओ कॅनर यांनी छापला तो १९४३ साली. त्याआधी या नजरेने कोणाचं बालपण कोण टिपून ठेवणार?

सयाजीराव महाराजांबद्दल विचारलंत ते १९११च्या दिल्ली दरबारामुळे असावं. पंचम जॉर्जसमोर ते दरबारी रिवाज सोडून एकदाच वाकले आणि पाठ फिरवून निघाले. इंग्रजांना त्यात राजद्रोह दिसला. महाराजांनी पत्र लिहून गोंधळ झाल्याचा खुलासा केला. आमच्या सासूबाई मात्र 'गोऱ्या बादशहाला पाठ दाखवली' असं अजून अभिमानाने सांगतात. आता त्यात कोणाला ऑटिझम दिसला, तर त्याच दोन पावलांचा तो आणखी एक अर्थ झाला, पुरावा नाही. हयात नेत्यांबद्दलसुद्धा, स्वतः तपासल्याशिवाय मत देऊ नये, असा अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा १९७३पासूनचा नियम आहे.

मोठी नावं सापडावीत असं वाटणं मी समजू शकते. निदान झाल्यावर पहिले काही महिने मीही रात्र रात्र अशाच याद्या वाचायचे. पण माझं मूल राष्ट्राध्यक्ष झालं नाही तरी त्याचा मान तेवढाच राहायला हवा, आणि या याद्यांमधून नेमकं तेच निसटतं.

जेफरसनची मला उपयोगी पडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या आधीचे दोन्ही राष्ट्राध्यक्ष काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, उभे राहून वार्षिक भाषण करत. याने १८०१मध्ये ते लिहून पाठवलं. भाषणाचा तो थाट राजेशाही वाटतो हे एक कारण होतंच, पण बोलण्याची नावडही होती. काँग्रेसने ते चालवून घेतलं, आणि १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन पुन्हा भाषणाला उभा राहीपर्यंत तीच रीत चालली. शाळेत मुलासाठी तोंडी परीक्षेऐवजी लेखी मागायला गेले, तेव्हा बाईंना मी हे सांगितलं. जेफरसनला ऑटिझम होता असं म्हणायची गरजच पडली नाही. बाईंनी लेखी घ्यायचं कबूल केलं.