नाशिकमध्ये लग्नाच्या ऑर्डरींसाठी सेकंडहँड कॅमेरा घ्यायचाय, बजेट ८० हजार, कॅनन ६डी स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

६डी वाईट नाहीये भाऊ, पण लग्नाच्या कामाला घेऊ नका. तुम्ही म्हणता स्वस्तात मिळतोय, तर मिळणारच, त्याला मेमरी कार्डाचा स्लॉट एकच आहे. हार घालताना फोटो हुकला तर एक वेळ परत घालायला सांगता येतं, पण कन्यादानाला बापाचा चेहरा, पाठवणीला आजीचं रडणं हे परत कुठून आणणार, आणि नेमकं तेच कार्ड करप्ट झालं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला काय सांगणार? म्हणून पहिली अट दोन स्लॉट, दोन्ही कार्डांवर एकदम फोटो जाणारे. मेगापिक्सेल बिक्सेल नंतर बघू.

या अटीत बसणारे दोन जुने पण दमदार गडी म्हणजे कॅनन ५डी मार्क ३ (२०१२ चा, एक स्लॉट जाड सीएफ कार्डाचा, एक छोट्या एसडी कार्डाचा) आणि निकॉन डी७५० (२०१४ चा, दोन्ही एसडी). ५डी मार्क ३ चा एसडी स्लॉट हळू आहे, दोन्हीकडे रॉ (म्हणजे मोठ्या कच्च्या फाईली) लिहायला लावलं की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, पटकन भरतो, अक्षता पडताना धडाधड शटर मारायची सवय असेल तर हे आधी वापरून बघा. डी७५० च्या सुरुवातीच्या काही बॉड्यांच्या (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) शटरमध्ये दोष निघाला होता आणि निकॉनने ते फुकट दुरुस्त करून दिलं होतं, त्यामुळे सिरीयल नंबर निकॉनच्या सर्व्हिस सेंटरला सांगून त्या कॅमेऱ्याचं काम झालेलं आहे की तो मुळातच चांगल्या लॉटमधला आहे ते विचारा. सोनी ए७ ३ मलाही आवडतो, डोळ्यावरचा फोकस सोडतच नाही, पण तुमचे सगळे पैसे बॉडीतच जातील आणि लेन्सला काय उरणार? गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्रीच्या रिसेप्शनला कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सने कितीही भारी बॉडी असली तरी आयएसओ (प्रकाश टिपायची सेटिंग) वर चढवावाच लागतो आणि फोटोत दाणे येतात. माझं ऐकाल तर बॉडी जुनी घ्या आणि उरलेल्या पैशात अंधारात चालणाऱ्या लेन्स घ्या, ८५ एमएम १.८ आणि जमलं तर सेकंडहँड टॅमरॉनची २४-७० २.८ झूम.

आणि हो, सुरुवातीला ज्या स्टुडिओवाल्यांकडे कॅन्डिडला (म्हणजे पोज न देता टिपलेले फोटो काढायला) जाणार असाल त्यांच्याकडे कुठली सिस्टीम आहे ते आधी विचारा, त्यांचीच घेतली तर अडल्यानडल्याला लेन्स, बॅटरी, फ्लॅशचा ट्रिगर सगळं मिळतं.

आता तपासणी. सगळे शटर काउंटच (आजवर किती क्लिक झाले तो आकडा) विचारत बसतात. या दोन्ही बॉड्यांचं शटर कंपनीने दीड लाखापर्यंत टेस्ट केलेलं आहे, निकॉनचा आकडा फोटोच्या फाईलमध्येच सापडतो, ५डी मार्क ३ ला केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. पण या काउंटमध्ये व्हिडिओचे तास येत नाहीत, आणि लग्नातला कॅमेरा म्हणजे अर्धा वेळ व्हिडिओच चालू असतो. रबर सुटलंय, डायलवरची अक्षरं पुसलीत आणि मालक म्हणतो फक्त २० हजार क्लिक, तर समजून जा.

माझ्या मते त्यापेक्षा महत्त्वाचा सेन्सर, कारण हल्ली वरातीत डीजेवाले लेझर मारतात आणि तो सरळ लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा भाजतो. लेन्सचं छिद्र एफ १६ इतकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो, झाकण लावून जास्त आयएसओला एक फोटो, थोडा व्हिडिओ, आणि हे सगळं तिथल्या तिथे मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघा. धुळीचा ठिपका साफ होतो, पण रंगीत आडवी-उभी रेघ दिसली की कॅमेरा परत देऊन घरी या. बटणांच्या फटीत पिवळं दिसलं तर ती हळद, तेवढी चालते, पण लेन्सची रिंग फिरवताना करकर आली तर नको. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा, मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सला तर नक्कीच.

कुठे घ्यायचा म्हणाल तर आधी ओळखीतल्या फोटोग्राफरकडे, चातुर्मासात लग्नं थंडावली की बरेच जण बॉडी काढतात आणि घासाघीसही जमते. नाहीतर सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला सीएसएमटी, तिथून कॅमेऱ्याच्या दुकानांचा बोरा बाजार चालत आहे, दोन-चार दुकानं फिरा, संध्याकाळी त्याच गाडीने परत. जाताना स्वतःचं कार्ड आणि फ्लॅश सोबत न्या, हॉट शू (वरची फ्लॅश बसवायची खाच) ढिला असेल तर फ्लॅश मधेच मारत नाही, आणि दुकानात हे कोणी आपणहून दाखवत नाही. बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळवल्याशिवाय गूगल पे उघडू नका.