‘बीटरचा आवाजच नको वाटतोय, मॅडम’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांकडून एक प्रश्न सारखा येतो. “आवडीनं सुरू केलं होतं. आता बीटर लावायचा म्हटलं तरी अंगावर येतं. रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. मी आळशी झालेय का? की हे सगळं बंदच करून टाकू?”

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी हेच विचारलं होतं. (ही हकिगत एकीची नाही. सारख्या अडचणी घेऊन आलेल्या काही जणींचे अनुभव एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चौतीस, दोन मुलं, घरात सासू-सासरे. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर बघून शिकलेल्या, हाताला चव आणि सफाई दोन्ही. होटगी रोडपासून पूर्व भागापर्यंत गिऱ्हाईक. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हिचं छान चाललंय.

त्या आल्या तेव्हा आठ दिवस माहेरी बार्शीला राहून परतल्या होत्या. “तिथं बरं वाटलं की ओ मॅडम. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी परत तेच.” यात नवल काही नाही. सुट्टीत शरीर विसावतं, पण ऑर्डर घ्यायची पद्धत तशीच राहते. वर आठ दिवसांचे साचलेले मेसेज वाट बघत असतात. बर्नआउटवर नुसत्या सुट्टीचा उपाय सांगणाऱ्यांनी एकदा परतल्यानंतरचा पहिला सोमवार बघावा.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तो आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेला आहे. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटू लागणं. ताईंमध्ये तिन्ही होत्या. दुसरी खूण त्यांनी फार नेमकी सांगितली. “आता ‘हॅपी बर्थडे’ लिहिताना पोराचं नावसुद्धा वाचत नाही मी. अक्षरं उतरवते नुसती.”

पण आधी दोन गोष्टी बाजूला काढायच्या होत्या. पहिली शरीराची. दुपारचं जेवण चारला, तेही उभ्यानं, दिवसभर क्रीम चाखणं, झोप पाच तास. अशा वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगते. हिमोग्लोबिन खरोखरच कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दुसरी गोष्ट नैराश्याची. काम सोडून इतर गोष्टींत मन रमतं का, हे विचारावं. माहेरी ताई भाचरांशी खेळल्या होत्या, हसल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीही कशातच रस वाटत नाही, भूक-झोप गेली आहे आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, असं असेल तर ऑर्डरींचं गणित बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोन मोफत आहे. दोन्ही अवस्था एकत्रही असू शकतात, म्हणून हा प्रश्न एकदा विचारून सोडत नाही.

पहिल्या आठवड्याचं काम म्हणून ताईंना मन:स्थितीची डायरी दिली नाही. वहीत फक्त वेळ लिहायची. कुठल्या केकच्या कुठल्या कामाला किती मिनिटं, आणि समोर नकोसेपणाला शून्य ते दहा गुण. आठवडा लग्नसराईतला, भरलेला होता.

वही बघून त्याच चमकल्या. भाजणं आणि आयसिंग करणं याला नकोसेपणाचे गुण दोन-तीन. केकवरच्या मूर्ती वळायला चार. फोनला नऊ. दीड किलोच्या एका थीम केकसाठी पंचेचाळीस मिनिटं नुसती चॅटिंगमध्ये गेली होती: “गुलाबी थोडा फिका करा ना”, “युनिकॉर्नचे डोळे मिटलेले हवेत”, आणि रात्री पावणेबाराला, “ताई, दीडऐवजी दोन किलो करता येईल का?” फोटो कुठल्या तरी वातानुकूलित हॉलमधल्या बटरक्रीम केकचा, मागणी व्हिप क्रीममध्ये, आणि तारीख मे महिन्यातली.

मग त्याच केकचा हिशेब मांडला. किंमत १,८०० रुपये. मैदा, क्रीम, फाँडंट (मूर्ती आणि आवरणासाठीचा साखरेचा लगदा), रंग, बोर्ड, खोका, वीज मिळून ६४० रुपये. वेळ असा: चॅटिंग ४५ मिनिटं, डिझाइन ठरवणं १५, खरेदी २०, स्पंजला हात लागतो तेवढा वेळ ४०, मूर्ती १५०, आयसिंग आणि फाँडंट १००, भांडी-ओटा ४०, देणं-घेणं १०. एकूण सात तास. म्हणजे तासाला साधारण १६५ रुपये. आता अर्धा किलो बटरस्कॉच: किंमत ४००, सामान १५०, वेळ ५५ मिनिटं. तासाला २७० च्या वर. स्टेटसला ठेवून कौतुक ज्याचं होतं तो केक सगळ्यांत कमी देत होता. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे मी युनिकॉर्नच्या डोळ्यांसाठी झोप घालवत होते.”

बहुतेक जणी मर्यादा केकच्या संख्येवर घालतात, “दिवसाला चारच.” ही मर्यादा टिकत नाही, कारण चार बटरस्कॉच आणि चार थीम केक यांत दिवसाचं अंतर आहे. मर्यादा तासांवर घालावी. ताईंनी मंगळवार बंद ठेवला. उरलेले सहा दिवस रोज पाच तास, म्हणजे तीस. त्यातले चार तास बिघाडासाठी राखीव, कारण क्रीम फाटतं, लाइट जाते, मूल आजारी पडतं. उरले सव्वीस. ऑर्डरसाठी मेसेजऐवजी ठरीव फॉर्म आणल्यावर थीम केकचा वेळ साडेसहा तासांवर आला. आठवड्याला असे दोन, म्हणजे तेरा तास. उरलेल्या तेरा तासांत चौदा साधे केक. याच्यावर वही बंद. आधी त्या आठवड्याला पाच थीम आणि वीस साधे करत होत्या. ते त्रेपन्न तास होतात, घरकाम वेगळंच.

पैशाचं खरं सांगायला हवं, नाहीतर महिन्याभरात सगळं मूळपदावर येतं. थीम केकचा दर २,४०० केल्यावरही सव्वीस तासांत हातात राहिले ७,०२० रुपये. त्रेपन्न तासांत कागदावर १०,८०० राहत होते, अर्थात त्यातून फुकटचे आणि परत करून दिलेले केक वजा व्हायचे. साधा अर्धा किलो ४५० ला केल्यावर ७,७२० झाले. मिळकत घटली. घरात हे आधीच बोलून घ्यावं लागतं. ताईंच्या यजमानांनी हिशेब पाहिला आणि पहिलं विचारलं ते भांड्यांना बाई लावायचं. फॉर्म भरल्यावर अर्धी रक्कम यूपीआयवर, ती येईपर्यंत तारीख राखायची नाही, साध्या केकला दोन दिवस, थीमला पाच दिवस आधी सांगायचं, डिझाइनमध्ये एकदाच बदल, आणि रात्री आठनंतर फोन कपाटात, हे त्याच दिवशी ठरलं.

आता सगळ्यांत अवघड भाग: नाही म्हणणं. ताईंनी पहिला नकार दिला आणि दहा मिनिटांत परत फोन करून ऑर्डर घेतली. असं होतंच. नकारानंतर अपराधी वाटतं, ते वाटणं थांबवायचा झटपट मार्ग म्हणजे होकार, आणि हीच सवय मुरलेली असते. उपाय म्हणून सत्रात शेजारच्या काकू कोण, ताई कोण असं धरून बोलण्याचा सराव केला. पहिल्या फेरीत त्यांनी चार कारणं सांगितली: पोराची परीक्षा, पाहुणे, हात दुखतोय, क्रीम संपलं. प्रत्येक कारणाला समोरून तोड निघते. “क्रीम मी आणून देते की!” म्हणून कारण द्यायचंच नाही. पर्याय द्यायचा. “काकू, शनिवारची वही भरली. रविवारी संध्याकाळी देऊ का?” एवढं बोलून गप्प बसायचं. मग अर्धा तास फोनला हात लावायचा नाही. अपराधीपणा आधी चढतो आणि मग आपोआप उतरतो. तो उतरलेला दोन-चार वेळा अनुभवला की पुढचा नकार सोपा जातो.

नातेवाइकांचं वेगळं. नणंदेच्या मुलाला, जावेच्या भावाला “घरचाच केक आहे, त्याचे काय पैसे” हे चालूच होतं. तिथं पैसे मागायला लावलं तर बाई समुपदेशनच सोडेल. त्याऐवजी वर्षाला प्रत्येक घरी एक केक भेट, डिझाइन आपल्या मनाचं, आणि तोही सव्वीस तासांत मोजलेला. त्यापुढचा दराने. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. “घरीच तर असतेस” हे वाक्य अधूनमधून येतंच.

हवामानाचा विचार न करता थकव्याचं बोलता येत नाही, कारण सर्वांत जास्त मोडतं ते केलेलं काम परत करताना. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. अशा ओट्यावर व्हिप क्रीम काही मिनिटांत सैल पडतं. मग बाई ते घट्ट व्हावं म्हणून आणखी फेटते आणि ते रवाळ होतं. भांडं आणि बीटरची पाती वीस मिनिटं फ्रीजरमध्ये, क्रीम बर्फाळ असतानाच फेटायचं, एका वेळी पाव किलोच, बाकीचं फ्रीजमध्ये. आयसिंग सकाळी दहाच्या आत. मार्च ते पाऊस येईपर्यंत उंच क्रीम केक घ्यायचेच नाहीत, गनाश घ्यायचं: डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक, व्हाइट असेल तर एरवी तीनास एक, उन्हाळ्यात चारास एक. मदर्स डे मेच्या दुसऱ्या रविवारी येतो, ऐन उन्हात. त्या आठवड्याचा मेनू तीन प्रकारांचा, बदल बंद.

फाँडंटच्या मूर्ती केकच्या आदल्या रात्री वळल्या तर त्या वाळत नाहीत आणि मान मोडते. पाव किलो फाँडंटला चमचाभर सीएमसी (मूर्ती कडक वाळवणारी पूड) मळून तीन दिवस आधी करायच्या, पावसाळ्यात पाच. फ्रीजमध्ये उघड्या ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर घाम फुटतो आणि रंग ओघळतो. ताईंनी मूर्तींना बुधवार दिला, स्पंजला गुरुवार. थंड झालेला स्पंज क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला की शनिवारी कापायलाही बरा पडतो. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे भांड्यांचा मोठा घाणा पाण्याच्या दिवसाला जोडला. पाण्याचा दिवस सरकला की मूर्तींचा दिवस सरकवायचा, रात्री जागून दोन्ही करायचं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय ही तक्रारही वहीतूनच निघाली. क्रीमची नक्षी काढायची पायपिंग बॅग गच्च भरली की तळव्याचा सगळा जोर लावावा लागतो. बॅग अर्धीच भरायची, केक फिरवायचं टर्नटेबल कोपराच्या उंचीला आणायचं, मूर्ती उंच स्टुलावर बसून. तरी दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, मलम चोळत ऑर्डर पुरी करायची नाही.

तिसऱ्या महिन्यात फोनचे गुण नवावरून चारवर आले. एक आठवडा पुन्हा घसरला, नाताळचा. २४ ते ३१ डिसेंबरमध्ये वही तासांवर न धरता त्यांनी “एवढ्यापुरतं” म्हणून उघडी ठेवली आणि जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलांना न्यायचं त्राण राहिलं नाही. पुढच्या हंगामासाठी त्यांनी नियम केला: १५ डिसेंबरला त्या आठवड्याची वही मिटायची, प्लम केक आधीच करून ठेवायचे (ते टिकतात), ताजे केक ठरलेल्या तासांतच.

या टप्प्यावर बऱ्याच जणी विचारतात, “ऑर्डरी कमी करून क्लास घेऊ का?” ताईंनीही विचारलं. क्लास म्हणजे दहा जणींचे प्रश्न, आणि क्लास संपल्यावरही चालू राहणारा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्यांचा थकवा फोनमधून आला आहे त्यांनी फोनचे गुण सलग दोन महिने चारच्या खाली राहिल्याशिवाय तिकडे वळू नये. वळलंच तर एक दिवसाचा, सहा जणींचा वर्ग, साहित्याची यादी छापील, ग्रुप नाही.