फरसाण आधी भिजवतं का कुणी?

प्रश्न : ताई, मुलीकडे मेक्सिको सिटीत महिनाभर होते. तिच्या गल्लीतल्या छोट्या हॉटेलात रविवारी सकाळी आजूबाजूची घरंच्या घरं नाश्त्याला लोटायची. तिथे खाल्लेल्या हिरव्या रश्श्यातल्या चिलाकिलेसची (रश्श्यात घोळलेले मक्याच्या पोळीचे तळलेले तुकडे) चव अजून जिभेवर आहे. इथे नाचोजचं पाकीट आणून केले, तर खारट लगदा झाला. काय चुकलं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पाकीट चुकलं. त्यात मीठ-मसाला आधीच असतो, वर तुम्ही रश्श्यात पुन्हा घातला असणार.

मी मेक्सिकोतल्याच ग्वादालाहारा शहरात भाचीकडे गेले होते, तेव्हा अशाच एका कोपऱ्यावरच्या हॉटेलात वाढप्यानं विचारलं, ‘व्हेर्देस की रोहोस?’ हिरवे की लाल? भाची म्हणाली, ‘दिवोर्सियादोस.’ म्हणजे घटस्फोटित! ताटात एकीकडे हिरवा रस्सा, दुसरीकडे लाल, मध्ये घोटलेल्या राजम्याची भिंत. वर आंबटसर साय, चुरलेलं ताजं चीज, कांद्याच्या चकत्या. सोबत दालचिनी आणि त्यांच्याकडचा गूळ घालून उकळलेली कॉफी. (शाकाहारी असाल तर तिकडे विचारून घ्यावं. राजमा बरेचदा डुकराच्या चरबीत परततात.)

चिलाकिलेस हा मुळात शिळ्याचा पदार्थ, आपल्या फोडणीच्या पोळीचा चुलतभाऊ. कालच्या मक्याच्या तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, कापून तळायच्या. घरी साध्या मक्याच्या पिठाच्या लाटायला गेले, तर कडांना ही भेग! तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सालं धुऊन मग वाटतात. त्यानं पिठाला चिकटपणा येतो, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही अंगी लागतं. आपण उकड काढून, मूठभर कणीक मिसळून पातळ भाकरी थापावी. दुसऱ्या दिवशी तिचे त्रिकोणी तुकडे पंख्याखाली सुकवून खरपूस तळावेत.

हिरव्या रश्श्याचं तोमातियो हे फळ रसभरीच्या जातकुळीतलं, तसंच पापुद्र्यात गुंडाळलेलं, पण आंबट. त्याऐवजी कच्चे हिरवे टोमॅटो घ्या. पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचा हंगाम असला, की भाजीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पाव किलो टोमॅटो, अर्धा कांदा, दोन लसूणपाकळ्या, दोन मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा, कोथिंबिरीसकट वाटा आणि कडकडीत तेलात ओता. चर्र झालं पाहिजे. रंग जरा उतरेपर्यंत शिजवा.

आता लगद्याचं. अहो, तुम्ही नाशिकच्या! मिसळीचं फरसाण रश्श्यात आधी भिजवून ठेवता का? सगळे ताटावर बसले, की मगच तुकडे कढईत टाकायचे, दोनदा हलवायचे, वाढायचे. दुसऱ्या वाढीला नवे तुकडे.

आमच्याकडे ह्यांनी सोबत पापड मागितला. दिला.