बॅडमिंटन हॉलचं वीजबिल: सोलरच्या आधी काय करावं?

चार कोर्टांच्या क्लबला वीजबिल झेपत नाही, सोलर बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. बसवा, पण सगळ्यात शेवटी. सांगलीतल्या आमच्या क्लबचा हिशेब मी सहा वर्षं पाहतोय. आम्ही सुरुवात केली ती एका वहीपासून.

रात्री दहाला हॉल बंद करताना मीटरचं रीडिंग लिहायचं आणि पहाटे साडेपाचला उघडताना पुन्हा लिहायचं. मधे कुणीच खेळत नाही, तरी आमच्याकडे ११ युनिट जळत होते. शोधलं तेव्हा कळलं, वॉटर कूलर आणि दोन्ही गिझर रात्रभर चालू, आणि टाकीचा फ्लोट बिघडल्यामुळे पंप उगाच सुरू होऊन पाणी गटारात जात होतं. आठ दिवस रीडिंग घ्याच.

मग दिवे. ४०० वॅटचा मेटल हॅलाइड (हॉलमध्ये असतो तो जुन्या पद्धतीचा मोठा दिवा) चोकसकट ४४० वॅटच्या आसपास खातो. आमचे असे २४ होते, म्हणजे साडेदहा किलोवॅट. रोज पाच तासांचे ५३ युनिट. १५० वॅटच्या एलईडीवर तेच १८ झाले. शटल भरकटतं म्हणून खेळताना आपल्याला पंखे लावता येत नाहीत, त्यामुळे छताखालची ती उष्णता गेली याचंही खेळणाऱ्यांना फार सुख झालं.

त्याहून मोठी गोष्ट स्विचची. मेटल हॅलाइड एकदा बंद केला की गार होऊन पुन्हा पेटायला पाच-दहा मिनिटं घेतो. म्हणून मधल्या रिकाम्या वेळेत कुणी हातच लावत नसे. दोघंच खेळत असले तरी चारही कोर्ट उजळलेले. एलईडी लगेच लागतो. वायरमनकडून प्रत्येक कोर्टाचं सर्किट वेगळं करून घ्या आणि बटणं कोर्टाजवळ आणा. वायरिंग तेच ठेवून नुसते दिवे बदलू नका, हे कळकळीनं सांगतो. दिवे घेताना स्वस्तात जाऊ नका. एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर हलका असला की उजेड लुकलुकतो आणि शटल नीट दिसत नाही. ते कोर्टाच्या डोक्यावर न लावता बाजूच्या रेषांबाहेर लावा, नाहीतर हाय सर्व्ह घेताना डोळे दिपतात.

एक काम बहुतेक क्लब विसरतात. बिलात युनिटशिवाय स्थिर आकार असतो. तो मागणीनुसार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट ओढता त्यावर लागत असेल, तर दिवे बदलल्यावर मंजूर भार (वीज कंपनीनं तुमच्या जोडणीला दिलेली किलोवॅटची मर्यादा) कमी करण्याचा अर्ज द्या. आपोआप काही कमी होत नाही. अर्जाआधी नव्या दिव्यांनंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या बिलांवरची कमाल मागणी बघा आणि थोडी जागा ठेवूनच आकडा लिहा, कारण स्पर्धेच्या दिवशी सगळे दिवे, पंप आणि गिझर एकदमच चालतात.

एवढं झाल्यावर सोलरवाल्याला बोलवा आणि त्याला जुनं नव्हे, नवं बिल दाखवा.