चीनशी युद्ध १९६२ मध्येच थांबलं, मग आणीबाणी १९६८ पर्यंत कशी चालली?

कारण राज्यघटनेच्या तेव्हाच्या कलम ३५२ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या कलमात, मुदतच नव्हती. २६ ऑक्टोबर १९६२ ला घोषणा झाली, संसदेने एकदा मंजुरी दिली की सरकार स्वतः मागे घेईपर्यंत ती लागूच. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली, तरी सीमेवरचा तणाव कायम होता; पुढे १९६५ चं पाकिस्तान युद्ध आलं. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला.

या काळात भारत संरक्षण नियमांखाली माणसाला खटल्याविना डांबता येई आणि कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेपासून संरक्षण) यांच्या आधारे कोर्टात दादही मागता येत नसे. हे मला आजही अक्षम्य वाटतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून मात्र आणीबाणी चालू ठेवायला दर सहा महिन्यांनी संसदेची विशेष बहुमताने मंजुरी लागते.