प्रश्न तुमचे: उष्णतारोधक धागे

प्रश्न: कोळशाच्या बॉयलरवरच्या बॅग फिल्टरला (धुरातली धूळ कापडी पिशव्यांतून गाळणारं यंत्र) मेटा-अ‍ॅरॅमिडच्या (हा उष्णता सोसणारा कृत्रिम धागा) पिशव्या लावल्या आहेत. माहितीपत्रकात 200 अंश सेल्सियस लिहिलंय. आमचा वायू 160च्या वर जात नाही, तरी सात महिन्यांत पिशव्या हाताने ओढल्या तरी फाटतात. माल हलका निघाला का?

उत्तर: मालाला दोष देण्याआधी वायू तपासा. 200 अंश हा आकडा कोरड्या हवेतला आहे. मेटा-अ‍ॅरॅमिडचे (नोमेक्स याच जातीचा) रेणू अमाइड बंधांनी जोडलेले असतात. गरम वाफ ते बंध तोडते आणि आम्ल असेल तर हे काम फार वेगाने होतं. कोळशातल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं. बॉयलर बंद-चालू करताना वायू आम्लाच्या दवबिंदूखाली (ज्या तापमानाला आम्लाची वाफ द्रव होते) आला, की ते थेट पिशवीवर साचतं.

फाटलेल्या पिशवीच्या मधल्या भागातून आणि नव्या पिशवीतून 5 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून ओढून बघा. जुनी पट्टी सगळीकडे सारखीच कमजोर असेल तर मार रासायनिक आहे. भोकं फक्त पिशवीच्या आतल्या पिंजऱ्याच्या तारांवर असतील तर ते घर्षण. शिवणही बघाच: कापड चांगलं आणि दोरा पॉलिएस्टरचा असला, तर आधी शिवण उसवते.

अशा वायूला पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड) धागा बरा. तो पाण्याला आणि आम्लाला दाद देत नाही, 190 अंशांपर्यंत चालतो. मात्र वायूत ऑक्सिजन 14-15 टक्क्यांच्या वर गेला तर तोही ठिसूळ होतो, म्हणून ऑर्डरआधी ऑक्सिजन मोजा. पीटीएफई (टेफ्लॉन) 260 अंशांपर्यंत बहुतेक सगळं सोसतं, पण महाग आहे. कुठलाही धागा घ्या, दारांची गॅस्केटं आणि हॉपरचं (खाली धूळ जमा होणाऱ्या नरसाळ्याचं) इन्सुलेशन दुरुस्त केल्याशिवाय नव्या पिशव्या चढवू नका. थंड हवा आत शिरते तिथेच आम्ल साचतं.

प्रश्न: भट्टीवरचे अ‍ॅरॅमिडचे हातमोजे ब्लीचने धुवावेत का?

उत्तर: नको. क्लोरीनचं ब्लीच धागा कमजोर करतं. साधा सौम्य साबण वापरा आणि सावलीत वाळवा, कारण उन्हातले अतिनील किरणही त्याला खातात. मोजा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय गरम वस्तूला हात लावू नका. अ‍ॅरॅमिड वितळत नाही, पण ओल्या मोज्यातून उष्णता पटकन आत येते आणि वाफेने हात भाजतो.